मामांचं नाक आणि शेठची बाटली

१९५७ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि त्या साली गिरगावापासून शिवडीपर्यंत दारूतलं सगळ्यांत जास्त कुणाला कळतं असं कुणी विचारलं असतं, तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, माझ्या बायकोच्या मामांना. सासरच्या माणसांची तारीफ करायची मला सवय नाही, हे आमच्या लालबागच्या चाळीत कुणालाही विचारा. पण खरं ते खरं. मुंबईत तेव्हा दारूबंदी होती. ज्याच्याकडे परमिट तो दार लावून प्यायचा, ज्याच्याकडे नाही तो पळत पळत प्यायचा, आणि आमचे मामा अजिबात प्यायचे नाहीत. तोंडात घेतली ती पिंपंच्या पिंपं, पण जन्मात एक थेंब घशाखाली उतरवला नाही. सगळी थुंकली. ‘गिळली की निकाल गेलो,’ असं ते म्हणायचे. न्याय देणारा माणूस भांडणाऱ्याच्या घरी जेवायला बसतो काय, असा त्यांचा सवाल असे.

हे नाक त्यांना सापडलं ते बाटल्या धुताना. मालवणाकडून चौदाव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरगावात एका पारशी शेठच्या दारूच्या दुकानात बाटल्या धुवायला लागले. एके दिवशी त्यांनी धुतलेल्या बाटल्यांतल्या सहा बाजूला काढल्या आणि मुकादमाला सांगितलं, या तिघींत आधी राकेल होतं, या दोघींत तिळाचं तेल, आणि या एकीत कुणीतरी फुलं ठेवली होती, ती कुजली. मुकादमाने कानाखाली द्यायला हात उगारला तेवढ्यात शेठ बाहेर आले. शेठचं स्वतःचं नाक अख्ख्या बाजारात नावाजलेलं. त्यांनी मामांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, एकेक बाटली नाकाखाली धरली आणि सहाच्या सहा बरोबर निघाल्या. त्या दिवसापासून मामांच्या हातातला साबण गेला. विलायतेहून दारूची लाकडी पिंपं यायची, ती दुकानाच्या तळघरात पडून राहायची, आणि कुठलं पिंप कधी उघडायचं हे आधी मामांनी हुंगायचं, मग शेठनी हुंगायचं आणि मग ठरायचं. तीस वर्षं हे चाललं. मग दारूबंदी आली, दुकानाला टाळं लागलं, आणि मामा शिवडीच्या एका गोदामात कापसाच्या गाठींवर नजर ठेवायच्या कामाला लागले. कापसाला कसला वास? ‘नाकाक रिटायर केल्यानी,’ असं म्हणून ते गाठींच्या राशीवर बसून राहायचे.

पण रविवारी नाक कामावर यायचं. परळ-दादरकडचे दोन-चार परमिटवाले आपली बाटली पिशवीत लपवून आमच्याच चाळीतल्या मामांच्या खोलीत आणायचे, कारण परमिटावर मिळालेली दारू खरी की चहाचं पाणी मारलेली हे त्यांना स्वतःला कळायचं नाही. मामांचा दरबार सकाळी नऊला भरे. आदल्या रात्रीपासून कांदा-लसूण बंद. आमच्या घरात शनिवारी सुकी मासळी करायची नाही असा हुकूम, आणि माझ्या बायकोने डोक्याला लावायचं तेलसुद्धा मामांनी हुंगून पास केलेलं. आंघोळ झाली की ते कोमट पाण्याने चार चुळा भरायचे, चिमूटभर कुरमुरे चावायचे आणि खिडकीकडे पाठ करून बसायचे. पेला आधी डाव्या नाकपुडीखाली, मग उजव्या. डावी लाकडाची, उजवी धान्याची, अशी त्यांनी वाटणी केली होती. मग दोन थेंब पाणी. मग एक घोट, तो तोंडात या गालातून त्या गालात फिरवत ते छताकडे बघायचे, आणि अख्खी खोली त्यांच्या गालांकडे बघायची. मग पितळेच्या पिकदाणीत थुंकायचे, आणि त्या बाटलीचा मालक असा हळहळायचा की जणू त्याचा दागिनाच समुद्रात गेला.

थुंकल्यावर ते जे बोलायचे ते ऐकायला मी तासन् तास बसलो असतो. बसलोही. विलायत त्यांनी पाहिली नव्हती, पण विलायतेच्या प्रत्येक दारूला त्यांनी कोकणात पत्ता देऊन ठेवला होता. एका व्हिस्कीला धुराचा वास यायचा, तिच्याबद्दल म्हणायचे, ‘ही आमच्या भाजावळीतसून उठून इली हा,’ म्हणजे शेत नांगरण्याआधी पालापाचोळा जाळतात त्या धुरातून. दुसरी एक होती, ती सुक्या बांगड्याच्या टोपलीत कुणीतरी डॉक्टरचं लाल औषध सांडल्यासारखी. जुन्या ब्रँडीत फणसाचं साट, म्हणजे फणसपोळी. जुन्या रममध्ये गुऱ्हाळावरची काकवी, ‘पण कायलीच्या तळाची, वरची नाय.’ गोव्याहून आलेली म्हातारी काजूफेणी हुंगून एकदा ते म्हणाले, ‘बाई चांगल्या घरची, पण बोलता जोरात.’ दारूचं वय ते बरोबर सांगायचे. काचेत दारू वाढत नाही, लाकडात वाढते, हा त्यांचा सिद्धांत. ‘आपण तरी वेगळे काय?’ असं म्हणून ते चाळीच्या सागवानी खांबावर थाप मारायचे. ‘आपण पण लाकडातच मुरतंव.’

निकाल मिळायचा तो आण्यांत. सोळा आण्यांपैकी. ‘साडेनऊ आणे,’ म्हटलं की संपलं, वर अपील नाही. आणि हे फक्त दारूपुरतं नव्हतं. चाळीतली कढी, शेजारणीचं भांडण, नाक्यावरच्या सभेतला वक्ता, सगळ्यांना आणे मिळायचे. एका पुढाऱ्याला त्यांनी चौदा आणे दिले, कारण तो माणूस आवाज बसल्यावर खरंच खाली बसला. स्वतःसाठी एकदा मुलगी बघायला गेले होते, तिथे त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं की स्थळ चांगलं आहे, पण घरातलं चमेलीचं तेल तेवढं बंद करा. तेव्हा आतून त्या मुलीनेच नकार पाठवला, ‘ह्या नाक आसा, नवरो नाय.’ मामा ही गोष्ट स्वतः सांगायचे आणि त्या मुलीला पंधरा आणे द्यायचे. मी माझ्या लग्नाआधी मुलगी बघायला गेलो तेव्हा याच माणसाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘साडेदहा. अजून मुराक होयो.’ चौथीपर्यंत शिकलेला असलो तरी गिरणीच्या साच्याखात्यात चार-चार साचे, म्हणजे माग, एकटा चालवणारा माणूस मी. साडेदहा! ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या वर्षी चैत्रात सरकारने नवे पैसे काढले आणि मामांच्या दरबारावर संकट आलं. चाळीतल्या एका कारकुनाने त्यांना समजावलं की मामा, आता आणे गेले, तुम्ही शंभरपैकी मार्क द्या. मामांनी हिशेब विचारला. एका आण्याचे सहा नवे पैसे, असं कारकून म्हणाला. मामांनी बोटांवर केलं आणि म्हणाले, ‘सोळा सक शहाण्णव. वयले चार खंयचे?’ कारकून म्हणाला, ते धरून चालायचं, मामा. ‘धरून चालायचा? चार पैशांची चव मी धरून चालू? ती काय दारूत होती, की दिल्लीत?’ तीन रविवार हाच वाद चालला. शेवटी कारकुनाने नाद सोडला आणि मामांच्या खोलीत आणे राहिले. सगळ्या देशातून गेले तरी तिथे राहिले.

याच साली परमिटाचं प्रकरणही झालं. दुसऱ्यांच्या बाटल्यांवर किती दिवस काढायचे, स्वतःचं परमिट असावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यासाठी डॉक्टरने लिहून द्यावं लागायचं की या माणसाला दारूवाचून चालणार नाही. मी बरोबर गेलो होतो, म्हणून ऐकलेलं जसंच्या तसं सांगतो.

‘रोज किती घेता?’ डॉक्टरने विचारलं.

‘रोज नाय. रविवारी.’

‘किती?’

‘चमचाभर.’

‘आणि मग?’

‘मग थुकतंय.’

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. ‘मग तुम्हाला परमिट हवं कशाला?’

‘थुकूक!’ मामा म्हणाले.

डॉक्टरने त्यांना हात पुढे करायला लावले. हात देवळातल्या खांबासारखे स्थिर. मी मागून कुजबुजलो, मामा, जरा थरथरवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझेच हात थरथरले. जिना उतरताना ते धुसफुसत होते. ‘तीस वर्सा ह्या धंद्यात काढलंय, आणि तो कालचो पोर माका सांगता, तुमी दारूतले नाय!’ मी म्हटलं, थोडं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तेव्हा ते पायरीवर थांबले. ‘खोट्या कागदार बसून खरो निकाल कसो देऊ?’ सरळ विचारलं त्यांनी, माझ्याकडून उत्तर हवं असल्यासारखं. मी खाली मान घालून उरलेल्या पायऱ्या उतरलो. 

आता त्या संध्याकाळचं सांगायला हवं. ते दिवस असे होते की गिरणी सुटली की माणूस घरी जायचा नाही, मोर्चाला जायचा. मुंबई आपली आहे आणि ती आपल्याला मिळालीच पाहिजे, यात आमच्या खात्यात दोन मतं नव्हती, आणि घोषणा द्यायला माझा आवाज सगळ्यांत पुढे. त्या दिवशी नाक्यावर मोर्चा अडवला होता. गडबड होणार असं कुणीतरी चाळीत जाऊन सांगितलं, माझी बायको रडायला लागली, आणि तिने मामांना धाडलं मला आणायला. मामा माझ्याशी बोलताना जावई म्हणून ‘तुमी’ म्हणायचे. रागावले की ‘तुमी’ जायचं आणि ‘मेल्या’ यायचं.

‘जावयबुवा, घराक चला. पोरगी रडता.’

‘मी येत नाही. तुम्ही जा, मामा.’

‘चला म्हणतंय.’

‘मुंबई मिळाल्याशिवाय येत नाही.’

‘मेल्या, ती काय आज सांजेक मिळतली? भात थंड होता थंय!’

मी जागचा हललो नाही. लोक हसत होते, त्यामुळे तर मुळीच हललो नाही. दोन मिनिटं आमची अशी जुंपलेली, तेवढ्यात पुढे गलका झाला आणि अश्रुधुराचं एक नळकांडं गडगडत येऊन बरोबर मामांच्या पायाशी थांबलं. आम्ही सगळ्यांनी नाकाला ओले रुमाल लावले आणि पळालो. मामांनी काय केलं? मामा खाली वाकले. जन्मभराची सवय. अनोळखी वास आला की आधी डाव्या नाकपुडीने, मग उजव्या नाकपुडीने, छाती भरून. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते वाकलेलेच होते. धावत जाऊन मी त्यांना खांद्यावर टाकलं आणि चाळीत आणलं. डोळे सुजून बंद, खोकला थांबेना, आणि खोकता खोकता मिरचीशी ताडून बघत म्हणतात, ‘मिरसांग… नाय, मिरसांग नाय… कसला ता कळाक नाय.’ कुठला वास त्यांना ओळखता आला नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

डोळे चार दिवसांत बरे झाले. रविवारी मात्र मामांनी दरबार भरवला नाही, सर्दी झाली म्हणाले. पुढच्या रविवारीही सर्दी. चौथ्या रविवारी परमिटवाले आपापल्या पिशव्या घेऊन परत गेले तेव्हासुद्धा मला काही वाटलं नाही. मग एका सकाळी मी रात्रपाळी करून झोपलो होतो, बायको नळावर गेली होती, आणि स्टोव्हवर सुकटीचं कालवण होतं. मामा स्टोव्हपासून दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला जाग आली ती धुराने. पातेल्याचा कोळसा झाला होता. खोलीभर धूर, आणि मामा पान उलटत होते. बायको धावत आली.

‘मामानू! करपला तरी सांगूक नाय?’

मामांनी पातेल्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तिसऱ्या माळ्यावर बसून तळमजल्यावरची डाळ लागली हे सांगणारा माणूस तो. बायको पातेलं घेऊन बाहेर गेली तेव्हा ते मला हळूच म्हणाले, ‘सर्दी नाय ती, जावयबुवा. माका वास येणा नाय.’ आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.  नाक्यावर मी अडून राहिलो ती दोन मिनिटं मी तेव्हा मनात मोजली, आणि त्यानंतर पुष्कळदा मोजली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात शेठचं कार्ड आलं. दुकान बंद झाल्यापासून शेठ दादरच्या पारशी कॉलनीत राहायचे, ऐंशी पार केलेले. मामा दुकानात लागले त्या वर्षी तळघरात एक पिंप आलं होतं. अठरा वर्षं ते लाकडात राहिलं, मग शेठनी त्याच्या बाटल्या भरल्या. त्यातली एक त्यांनी इतकी वर्षं ठेवली होती. ती येत्या रविवारी उघडायची आहे आणि निकाल तू द्यायचा, दुसऱ्या कुणाच्या तोंडाला मी लावणार नाही, असं त्यांनी कार्डावर कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मामांनी ते स्वतः तीनदा वाचलं, मग मला वाचायला दिलं. अडखळत का होईना, मला वाचता येत होतं.

‘सांगा काहीतरी चांगलं,’ मी म्हटलं. ‘म्हाताऱ्याला बरं वाटेल. त्याला काय कळणार आहे?’

‘शेठच्या नाकाक? शेठच्या नाकाक सगळा कळता. माका शिकवल्यानी ता त्येनीच.’ मग म्हणाले, ‘जाऊक होया. तुमी पण चला. एकट्यान नाय जमूचा.’

एकट्याने नाही जमायचं, हे मामांच्या तोंडून! मी गेलो. ट्राममध्ये ते धुतलेलं धोतर सावरत ताठ बसले होते, परीक्षेला निघाल्यासारखे. खरं सांगायचं तर भीती मला वाटत होती. या माणसाकडे ना मालकीचं घर, ना बायको, ना परमिट. होतं ते एक नाव, की याच्या निकालात खोट नसते. आता खरं सांगितलं तर नाक गेलं आणि खोटं सांगितलं तर नाव गेलं.

शेठनी दार स्वतः उघडलं. ‘आव, आव! किती वरसाने आला! आन हा कोन?’

‘आमचो जावय,’ मामा म्हणाले.

संगमरवरी टेबलावर बाटली होती. शेठनी लाख फोडली, बूच काढलं आणि तीन पेल्यांत जेमतेम तळ झाकेल एवढी ओतली. मामांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. चूळ भरली, खिडकीकडे पाठ केली, पेला डाव्या नाकपुडीखाली, मग उजव्या. शेठ त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले होते. मी जमिनीकडे बघत होतो. मामांनी पेला खाली ठेवला.

‘शेठ, तुमका खोटा सांगूचा नाय. माजा नाक गेला. काय येणा नाय.’

  मग शेठच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं म्हातारा रडतो आहे, पण तो हसत होता. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायला लागलं.

‘साला! तू सांगशील म्हनून तर तुला बोलावला! मला तर पंचवीस वरस झाला काय वास येत नाय. तपकीरने खाल्ला माझा नाक!’

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘पंचवीस वर्सा? आनि दुकानात निकाल सांगत होतात तो?’

‘तो मी तुजा भुवई बघून सांगत होता. डावा भुवई वर गेला का मी बोलायचा, फस्क्लास माल हाय.’

‘म्हणजे ते निकाल माजेच?’

‘सगळा तुजाच, डिकरा.’

रागवावं की हसावं हे मामांना ठरवता येईना. मुंबईतली दोन थोर नाकं टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती, मधे अठरा वर्षं लाकडात मुरलेली दारू, आणि दोघांनाही तिचा पत्ता नाही. मग दोघांनी एकदमच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘जावयबुवा,’ मामा म्हणाले, ‘तंबाखू थुका.’

मी खूप सांगून पाहिलं की मला यातलं कळत नाही, माझ्याकडे परमिट नाही, मी गिरणीतला माणूस. कोण ऐकतो? मामांनी माझ्याकडून सहा चुळा भरून घेतल्या आणि पेला नाकाखाली धरला.

‘कसलो वास येता?’

‘दारूचा.’

‘मेल्या, दारूक दारूचो वास येतलोच! तिच्या मागे कोण उभा आसा ता बघ.’

मी डोळे मिटले. आधी खरंच काही नव्हतं, नाकाला नुसती झिणझिण. दोघंही श्वास रोखून बसलेले, म्हणून मी पुन्हा हुंगलं. ‘लाकूड,’ मी म्हटलं. ‘कपड्यांच्या पेटीचं. आईची होती तसली. आत वाळा ठेवलेला.’

‘वाळो!’ मामा ओरडले. ‘सुको की ओलो?’

‘सुका. आणि… मध. पण नुसता नाही. धूर करून पोळं काढतात ना, त्या वेळेचा.’

‘आन पाठी?’ शेठ पुढे सरकले. ‘पाठी काय हाय?’

‘पाठी चामडं आहे. साच्याला नवीन पट्टा चढवला की पहिल्या दिवशी येतो तसा.’

‘मी बोलला होता!’ शेठनी टेबलावर हात मारला. ‘पिंप फोडला तवाच मी बोलला होता, चामडा हाय!’

‘तुमी नाय बोललात. माजी भुवई बोलली.’

मग घोट घेतला. या गालातून त्या गालात फिरवायला मला कुठून येणार? गेला खाली.

‘थुक! थुक मेल्या!’

‘गिळलं,’ मी म्हटलं.

मला वाटलं आता मार खातो. पण मामा खुर्ची ओढून जवळ आले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘खाली गेल्यार काय होता? माका कधी कळाक नाय.’

मी विचार करून सांगितलं. दिवसभर खात्यात घाम गाळून माणूस गेटबाहेर येतो, आणि समुद्राकडची हवा अंगावर येते. तसं होतं. फक्त आतून.

मामांनी डोळे मिटून मान हलवली. शेठनी विचारलं, ‘मग, किती आना?’

‘आज आणे नाय,’ मामा म्हणाले. ‘आज नुसता ऐकूचा. जावयबुवा, पयल्यापासून सांगा.’

मी पेटीपासून पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदाही सांगितलं, कारण शेठना कमी ऐकू यायचं. दोघे म्हातारे खुर्चीला मान टेकून असे बसले होते, जणू कुणी गाणं म्हणतंय. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी मी केवढ्या मोठ्या आवाजात घोषणा दिल्या होत्या, त्याही नाही.

परतताना ट्राममध्ये मामा डोळे मिटून बसले होते. परळ आलं तेव्हा म्हणाले, ‘पोळ्याचो धूर कसलो? लाकडाचो की शेणीचो?’ मी म्हटलं, शेणीचा. ‘असात,’ मान हलवत म्हणाले. मोर्चाच्या त्या संध्याकाळबद्दल, त्या दोन मिनिटांबद्दल मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. पण असलं बोलणं मला तेव्हा येत नव्हतं आणि आता सत्तरी उलटल्यावरही येत नाही. मामा जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी ते कधी काढलं नाही, मीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पहिली पाळी होती. भोंग्याला तास असताना मी उठलो, तोंड धुतलं, तंबाखूची डबी फळीवरच राहू दिली आणि मामांच्या खोलीत जाऊन खिडकीत बसलो. ते जागे होते, भिंतीला टेकून. मी नाक बाहेर काढलं आणि सांगायला लागलो. खाली इराण्याची भट्टी पेटली आहे, पाव निघतोय. दोन खोल्या पलीकडे चहा ठेवलाय, आल्याचा नाही, गवती चहाचा. नळावर कुणीतरी नवीन साबण काढलाय. गिरणीकडून सुताची खळ शिजल्याचा आंबूस वास येतोय.

‘पाव करपलो काय?’ मामांनी डोळे मिटूनच विचारलं.

मी पुन्हा बाहेर वाकलो आणि नीट वास घेतला. ‘थोडासा,’ मी सांगितलं. ‘खालच्या बाजूने.’